मिस्ट्री शॉपरचं काम, दर्यापूरकडून: पैसे खरे आहेत, फॉर्म मात्र शहरातला आहे

रेटिंग द्यायचंच तर ५ पैकी अडीच. अडीच कशाचे कापले ते नीट सांगते, कारण आमच्या बचत गटातल्या बायांनी, अन् त्यांच्या कॉलेजातल्या पोरींनी मला खूपदा विचारलं की हे काम कसं आहे, घरबसल्या होते काय, फसवणूक तं नाही ना. फसवणूक नाही. पण घरबसल्या पण नाही, उलट फिरणं लय आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मिस्ट्री शॉपर म्हणजे गुप्त ग्राहक. मोठ्या कंपनीला पाहायचं असते की आपला पेट्रोल पंप, शोरूम, बँकेची शाखा, बियाण्याचा डीलर गिऱ्हाइकाशी कसा वागतो, म्हणून ती एका एजन्सीला काम देते अन् एजन्सी आपल्यासारख्याला साधं गिऱ्हाईक म्हणून पाठवते. आपण जायचं, खरेदी करायची किंवा चौकशी करायची, सगळं लक्षात ठेवायचं, बाहेर येऊन दुकानाच्या बोर्डाचा लोकेशनवाला फोटो काढायचा अन् २४ तासांच्या आत अ‍ॅपवर मोठा फॉर्म भरायचा. खरेदीचे पैसे ठरलेल्या मर्यादेत परत मिळतात, वरून फी. माझ्या एजन्सीची फी पंपाला अडीचशेच्या आसपास, बँकेला थोडी जास्त, गाडीच्या शोरूमला पाचशेपर्यंत. एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या एजन्सीसाठी काम करणाऱ्यांशी बोलले तर त्यांच्याही अडचणी ह्याच निघाल्या.

आधी चांगलं सांगते. नोंदणीला एक रुपया घेतला नाही. पॅन, बँक खातं, एक छोटी ऑनलाइन परीक्षा, बस. पैसे उशिरा येतात, ४५ ते ६० दिवस सांगतात अन् बहुतेक वेळा त्याच्या थोडं पुढेच जातात, पण येतात. १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा होऊन येतात, तो आयकराच्या साइटवर आपल्या पॅनवर दिसतो अन् उत्पन्न कमी असलं तर रिटर्न भरून परत मिळतो. पॅन दिलं नाही तर २० टक्के कापतात, म्हणून पॅन आधी जोडा. अन् दुसरं चांगलं म्हणजे काम करता करता नजर तयार होते. पंपावर मशीन शून्यावर आलं का हे मी आता आपोआप पाहते. पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असते अन् शंका आली तर आपल्या समोर मोजून दाखवा म्हणायचा आपला हक्क आहे, फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकून पाहायचा पण हक्क आहे, हे मला ह्या कामामुळे कळलं. आमच्या गावात टू व्हीलरवाले पन्नास जण असतील, त्यातल्या किती जणांनी ते माप पाहिलं असेल.

आता अडचणी. सगळ्यात मोठी ही की इथं कोणी अनोळखी नाहीच. एजन्सीचा नियम आहे की दुकानातलं कोणी तुम्हाला ओळखत असेल तर व्हिजिट बाद. पुण्यामुंबईत ठीक आहे हो. मी आमच्या तालुक्याच्या गावी, अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरच्या एका पंपावर गेले, तोंडाला ओढणी बांधलेली, गाडी थांबवली नाही तं पोरगा म्हणते, "वहिनी, आज एकट्याच? भाऊ कुठी गेले?" गाडीवरूनच ओळखलं त्यानं. मी नियमाप्रमाणे एजन्सीच्या कोऑर्डिनेटरला, म्हणजे काम वाटणाऱ्या ताईला कळवलं. ती म्हणाली मॅडम मग ही व्हिजिट इनव्हॅलिड, पेट्रोलचे पैसे पण मिळणार नाहीत. मी म्हटलं ताई, ह्या पंपावरच्या पोराचं गाव माझ्या माहेराच्या शेजारी आहे, अन् असंच प्रत्येक पंपावर कोणी ना कोणी निघणार आहे. तर तिनं पुढचं काम अकोटचं दिलं, त्याच्या पुढचं मूर्तिजापूरचं. फी तीच. जाण्यायेण्याचं भाडं शून्य, कारण त्यांच्या हिशेबात भाडं फीमध्येच आलेलं असते.

हे गणित शहरात बसते, इथं बसत नाही. आमचं गाव फाट्यापासून आत आहे, फाट्यापर्यंत गाडीनं किंवा पायी, मग एसटी. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं म्हणून तरी हे काम मला परवडते, पूर्ण तिकीट असतं तर अडीचशेतलं काय उरलं असतं. अन् पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत फाट्यापर्यंत यायलाच अर्धा तास जातो, चपलांना चिखलाचे गोळे लागतात, एक एसटी गेली की दुसरी कधी येईल याचा भरवसा नाही. त्यात व्हिजिटची वेळ बांधलेली, सोमवार ते शुक्रवार, १२ ते ३ च्या मध्येच. बाजाराच्या दिवशी जाऊ देत नाहीत कारण गर्दीत सर्व्हिस नीट मोजता येत नाही म्हणतात.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. तालुक्याच्या गावात बाजाराचा दिवस हाच एक दिवस असतो की जेव्हा चाळीस गावचे लोक येतात अन् नवीन चेहऱ्याकडे कोणी पाहत नाही. बाकी दिवशी दुपारी १ वाजता सुनसान शोरूममध्ये एकटी बाई गेली की सगळा स्टाफ उठून पाहतो. अन् खरी सर्व्हिस गर्दीतच दिसते ना, म्हाताऱ्या माणसाला कोण मागं ढकलते, कोणाला आधी माल मिळते. मी हे मेलवर लिहून दिलं. अजून एक सुचवलं की अकोट, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर अशा जवळच्या तालुक्यांतले शॉपर आपसात बदलून द्या, तिकडची बाई इकडे, इकडची तिकडे, अन् त्याचं भाडं तिकीट दाखवून द्या. उत्तर आलं की सजेशन नोट केलं आहे.

दुसरा वाद बिलाचा. ह्याच्यावर मी खरंच चिडलेली आहे. फॉर्ममध्ये प्रश्न असतो, बिल न मागता दिलं का, मागितल्यावर दिलं का, की दिलंच नाही. एका पंपावर बिल मागितलं तर कागदाचा रोल संपला म्हणाला. हातानं लिहून द्या म्हटलं तर बुकावाला माणूस जेवायला गेला. मी खरं ते लिहिलं, बिल दिलं नाही. रिपोर्ट बाद. का, तर बिलाचा फोटो जोडला नाही. अहो, बिल मिळालं नाही हेच तर मी सांगून राहिली आहे. लोकेशनचा फोटो होता, वेळ होती, यूपीआयनं पैसे दिल्याचा मेसेज होता. तो पण मानला नाही, कारण त्यात पंपाचं नाव नव्हतं, मालकाच्या नातेवाइकाचं नाव होतं. आमच्याकडे अर्ध्या दुकानांचे क्यूआर कोड असेच कोणाच्या तरी स्वतःच्या खात्याचे असतात, त्याला मी काय करणार.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा म्हणून लिहिलेली आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेनं त्या भेटीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती अन् नेमका तोच रिपोर्ट कचऱ्यात गेला. ज्या पंपांनी बिल दिलं त्यांचेच रिपोर्ट कंपनीपर्यंत जात असतील तर कंपनीला वाटणार की विदर्भात सगळीकडे बिल मिळते. हा माझ्या अडीचशे रुपयांचा प्रश्न नाही, म्हणजे तोही आहेच, पण चुकीचं चित्र वर जाते त्याचं काय. मी चार-पाच मेल केले, शेवटी अर्धी फी दिली अन् अपवाद म्हणून दिली असं लिहिलं. रिपोर्ट पुढं पाठवला की नाही ते विचारलं, त्याचं उत्तर नाही.

तिसरी गोष्ट फॉर्ममधल्या प्रश्नांची. सगळा फॉर्म इंग्रजीत, शेवटी शंभर शब्दांचा वृत्तांत पण इंग्रजीतच. माझं बीए मराठीतून झालं, इंग्रजी वाचून समजते, पण लिहिताना वेळ लागतो. फोनवरून भाषांतर करून टाकलं तर एजन्सीचे क्वालिटी चेकवाले, म्हणजे रिपोर्ट तपासणारे, ग्रामर चुकलं म्हणून परत पाठवतात. तेवढ्यात आमच्याकडची लाइन जाते, टॉवर जाते, अ‍ॅप लॉगआउट होते अन् २४ तास संपतात. पण भाषेपेक्षाही मोठी अडचण अशी की प्रश्न कोणत्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून काढले ते कळते. पहिला प्रश्न, कर्मचाऱ्यानं हसून नमस्कार किंवा गुड मॉर्निंग म्हटलं का. हो किंवा नाही.

आता आमच्याकडे कृषी केंद्रात, म्हणजे खत-बियाण्याच्या दुकानात गेलं तर डीलर काय म्हणते? "या काकाजी, बसा. पानी पडलं काय तिकडं? तुरी कशा हायत?" एवढं बोलून तो माठातलं पाणी पुढं करते. आमच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीच खारं आहे, गोड पाण्याचा ग्लास समोर येणं म्हणजे काय असते हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण फॉर्ममध्ये नमस्कार नाही, गुड मॉर्निंग नाही, म्हणजे शून्य मार्क. मी "हो" लावलं अन् खाली खुलासा लिहिला की स्थानिक पद्धतीनं आपुलकीनं स्वागत केलं. क्वालिटी चेकवाल्यानं ते "नाही" केलं. मी परत लिहिलं. त्यानं परत "नाही" केलं, म्हणे गाइडलाइनमध्ये शब्द ठरलेले आहेत. त्या माणसानं विदर्भातल्या कृषी केंद्राची पायरी कधी चढली नसेल, तरी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यानं बदललं, अन् मार्क कापले गेले त्या डीलरचे, ज्यानं त्या दिवशी तिथं बसलेल्या प्रत्येक माणसाला नावानं विचारलं होतं.

कृषी केंद्राचं काम मी आवडीनं घेते, कारण घरी शेती आहे, तूर, हरभरा, कपाशी, अन् खत-बियाण्याची फसवणूक आम्ही भोगतो. म्हणून तिथला फॉर्म पाहून जास्तच वाईट वाटलं. प्रश्न काय, तर आमच्या ब्रँडचं नाव डीलरनं आधी घेतलं का, पोस्टर दिसेल अशा जागी लावलं का, दुकान स्वच्छ होतं का. जे विचारायला पाहिजे ते एक नाही. पक्क्या बिलावर लॉट नंबर लिहिला का? बियाणं उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीकडे जाताना ते बिल, पिशवी अन् टॅग हाच शेतकऱ्याच्या हातातला पुरावा असते. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आहे, त्या भावात दिली का, की सोबत दुसरं काही घेतलं तरच देतो म्हणाले? डीएपी खताची गोणी १३५० ला मागितली तर माल नाही म्हणाले अन् मागच्या माणसाला दिली, असं झालं का? एका मालासोबत दुसरा घ्यायला लावणं, लिंकिंग म्हणतात त्याला, आमच्याकडच्या लहान पोरालाही हा शब्द माहीत आहे. कृषी विभागाचं भरारी पथक पण डमी ग्राहक पाठवूनच धाडी टाकते, म्हणजे ही पद्धत काम करते, प्रश्न बरोबर विचारले तर. मी वृत्तांतात लिंकिंगबद्दल दोन वाक्यं लिहिली होती, ती काढून टाका, आउट ऑफ स्कोप आहे, असा निरोप आला.

एक फॉर्म मात्र मनापासून चांगला होता, बँकेचा. म्हाताऱ्या लोकांना बसायला जागा आहे का, पाणी आहे का, रांगेत किती वेळ गेला, कमी शिकलेल्या माणसाला स्लिप भरून द्यायला कोणी मदत केली का, विमा घेतल्याशिवाय काम होणार नाही असं सुचवलं का. अन् मिनिमम बॅलन्स नसलेलं साधं बचत खातं मागितलं तर काय सांगतात. असं खातं देणं बँकेला भागच आहे, तरी मला त्या काउंटरवर आमच्याकडे तसं काही नसते म्हणून सांगितलं, अन् ते लिहायला फॉर्ममध्ये जागा होती. असा फॉर्म कोणी तरी विचार करून केलेला असते. एका फॉर्ममध्ये होते तर बाकीच्यांत का नाही.

शोरूमच्या कामात बाई म्हणून त्रास वेगळा. मी मोटरसायकलची चौकशी करायला गेले की सेल्समन माझ्याशी बोलतच नाही, "दादाला घेऊन या ना ताई, मंग सांगतो सगळं." मी ते जसंच्या तसं लिहिलं, तर कोऑर्डिनेटरचा फोन की ह्या कामाला पुरुष शॉपर जास्त सूट होतो, पुढच्या वेळी मिस्टरांना पाठवा. बाईला किंमत सांगत नाहीत हा सर्व्हिसमधला दोष आहे, तो शॉपर बदलून झाकायचा कशाला? आमच्या आशाताई, अंगणवाडीताई, गटातल्या बाया आता स्वतःच्या पैशानं गाड्या घेऊन राहिल्या. त्या कंपनीला हे कळायला पाहिजे होतं.

अन् रेकॉर्डिंग. काही कामांत फोन खिशात चालू ठेवून सगळं बोलणं रेकॉर्ड करायला सांगतात. मी ती कामं घेत नाही. काउंटरवरचा पोरगा महिन्याला आठ-दहा हजारावर राबते, त्याला माहीत नाही की आपला आवाज कुठं जाऊन राहिला. मी विचारलं होतं की ही रेकॉर्डिंग किती दिवस ठेवता, कोण ऐकते, नंतर पुसता का. २०२३ ला वैयक्तिक डेटाचा कायदा झाला, हा साधा प्रश्न आहे. उत्तर आलं की क्लायंट पॉलिसी. ह्याच विषयावर माझं अन् माझ्या जावेचं चांगलंच वाजलं. तिचा भाऊ पंपावर आहे. ती म्हणते, "तुमी लोकं येऊन चुगली लावता अन् इकडं त्याचा इन्सेंटिव्ह कापल्या जाते." मी म्हटलं चुगली नाही, त्याचं काम चांगलं असलं तर तेही मीच लिहिते. पण तिचं म्हणणं मी टाकून देऊ शकत नाही. सर्वेक्षणाच्या धंद्यातली एसोमार नावाची जागतिक संस्था आहे, तिच्या मार्गदर्शक नियमांत पण आहे की अशी तपासणी होऊ शकते हे कर्मचाऱ्यांना आधीच सांगितलेलं असावं. माझ्या मते सांगितलंच पाहिजे, अन् एका भेटीवरून कोणाचे पैसे कापू नयेत. तीन भेटींत तेच दिसलं तर गोष्ट वेगळी. मी आता मालकाच्या चुका अन् पोराच्या चुका वेगळ्या लिहिते. टॉयलेटला कुलूप, हवेचं मशीन बंद, बिलाचा रोल नाही, ह्यात त्या पोराचा काय दोष? पण फॉर्ममध्ये सगळं एकाच बेरजेत जाते अन् खाली नाव, उंची, चष्मा, केस कसे हे वर्णन मागतात फक्त त्या पोराचं.

काम पण हळूहळू आटते. एकदा गेलं की त्याच ठिकाणी तीन ते सहा महिने परत जाता येत नाही अन् तालुक्यात मोठ्या कंपन्यांची दुकानं मोजकीच. अमरावतीची कामं भरपूर असतात, पण दर्यापूरहून अमरावती ५० किलोमीटरच्या आसपास, एका फीसाठी जाणं जमत नाही. एकाच दिवशी दोन-तीन कामं जोडून मिळाली तरच जाते.

तर करायचं असेल तर हे पाहा. कोणी नोंदणी फी, किट, डिपॉझिट मागितलं की तिथंच सोडा. टेलिग्रामवर हॉटेलला स्टार द्या, लाइक करा, पैसे मिळवा म्हणतात, ते मिस्ट्री शॉपिंग नाही, पहिले शंभर-दोनशे देतात अन् मग तुमचेच पैसे भरायला लावतात. त्यात कोणी अडकलं तर वाट न पाहता १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. दुकानदारानं बिल दिलं नाही, जास्त भाव लावला तर गुप्त ग्राहक असायची गरज नाही, साध्या ग्राहकालाही १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, हे गटाच्या मीटिंगमध्ये मी आता दर वेळी सांगते.

काम स्वीकारायच्या आधी कोऑर्डिनेटरला चार गोष्टी लेखी विचारा: भाडं मिळेल का, बिल मिळालंच नाही तर रिपोर्ट चालेल का, कोणी ओळखलं तर खर्च परत मिळेल का, अन् रेकॉर्डिंग आहे का. फोनवर हो म्हणतात अन् नंतर कोऑर्डिनेटर बदलते, नवीनला काही माहीत नसते. म्हणून मेलच करा, त्यावर तारीख राहते. अन् एसटीची तिकिटं फेकू नका, फोटो काढून ठेवा, कारण एका वेळी मला भाडं मिळालं ते त्या तिकिटांच्या फोटोवरच मिळालं.